पोर्टलवर आयते भरून आलेले आकडे तुमचे नसतात

२०२५ सालचा प्रश्न थोडक्यात असा. अंबाजोगाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, पगार शालार्थ या सरकारी वेतनप्रणालीतून, करप्रणाली नवीन. सातबाऱ्यावर स्वतःच्या नावे २ हेक्टर ४३ आर, म्हणजे सहा एकर. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. एक बचत खातं, बँकेत एक मुदत ठेव आणि पतसंस्थेत एक. फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, हातात आलाय. आजवर तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानातून 'सहज' हा रिटर्नचा सर्वांत साधा फॉर्म भरून घेतला. आर्थिक वर्ष २०२४-२५ चं रिटर्न मात्र स्वतः भरायचंय. विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं, आयकर खात्याच्या पोर्टलवरच भरावं, की ऑफलाइन युटिलिटी, म्हणजे नेटशिवाय फॉर्म भरायचा प्रोग्राम, उतरवून घ्यावी? आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, तर ते दाखवायचं तरी कशाला?

सॉफ्टवेअरचं आधी उरकू, कारण त्यात फार काही नाही. विनमॅन, कॉम्प्युटॅक्स, जीनियस ही पॅकेजं शेकडो अशिलांची रिटर्नं भरणाऱ्यांसाठी आहेत. गेल्या वर्षीची माहिती पुढं ओढणं, दोन्ही करप्रणालींचा हिशेब शेजारी शेजारी काढणं, कोणाचं रिटर्न व्हेरिफाय व्हायचं राहिलंय याची यादी ठेवणं, ही त्यांची कामं. एका माणसाच्या एका रिटर्नसाठी ते घेणं म्हणजे सहा एकरांसाठी हार्वेस्टर विकत घेणं. त्यानं कर एक रुपयानं कमी होत नाही. शेवटी विकतचं असो की फुकटचं, सगळ्यांतून एकच वस्तू बाहेर पडते: ठरलेल्या साच्यातली जेसन नावाची फाइल, जी आयकर खात्याचा संगणक वाचतो.

ऑफलाइन युटिलिटी पोर्टलच्या डाउनलोड विभागात फुकट मिळते. तिचे दोन प्रकार आहेत. एक संगणकावर इन्स्टॉल होणारी, आयटीआर-१ ते ४ या रिटर्नच्या चार फॉर्मसाठी सामाईक, दुसरी एक्सेलची. लाइट आणि नेट या दोघांचाही भरवसा नसेल तिथं ही बरी, कारण नेट फक्त सुरुवातीला आणि शेवटी लागतं. एक्सेलची युटिलिटी मॅक्रोवर, म्हणजे फाइलमध्येच लपलेल्या छोट्या प्रोग्रामवर, चालते. ती मोबाइलवर किंवा फुकटच्या ऑफिस पॅकेजमध्ये नीट चालत नाही. नव्या विंडोजवर फाइल उघडली की मॅक्रो अडवल्याची लाल पट्टी येते. मग फाइल बंद करून तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकची खूण, आणि पुन्हा उघडायची. आणखी एक अडचण मुदतीच्या तोंडावर हमखास येते. आधी कधीतरी उतरवलेल्या युटिलिटीत फॉर्म भरलेला असतो, मधल्या काळात नवी आवृत्ती आलेली असते आणि जुन्या आवृत्तीची जेसन पोर्टल घेत नाही. अपलोड करायच्या दिवशी आवृत्ती तपासा.

तुमच्यासाठी सरळ पोर्टल पुरेसं आहे. मोबाइलवर नको, लॅपटॉपवर भरा. प्रत्येक तक्ता झाला की ड्राफ्ट सेव्ह करा. ब्राउझरचं मागे जायचं बटण दाबू नका, लॉगइन उडतं.

खरी अडचण पुढं आहे. पोर्टल उघडलं की फॉर्म बराचसा भरलेलाच दिसतो: पगार, टीडीएस (आधीच कापलेला कर), व्याज, सगळं आयतं. हे आकडे तुम्ही दिलेले नाहीत. ते तुमच्याबद्दल दुसऱ्यांनी खात्याला कळवलेले आहेत. पगाराचा आकडा पंचायत समितीतून भरलेल्या तिमाही टीडीएस विवरणातून येतो, व्याजाचा बँकेकडून. ज्यांनी काही कळवलंच नाही, त्यांचा रकाना कोरा राहतो. कोरा रकाना म्हणजे उत्पन्न नाही असं समजून माणूस 'कन्फर्म' दाबत जातो आणि दहा मिनिटांत रिटर्न जातं. खाली सही मात्र तुमचीच असते. म्हणून फॉर्म उघडायच्या आधी एक संध्याकाळ जुळवाजुळवीला द्या. तेवढी केली की फॉर्म भरणं अर्ध्या तासाचं काम आहे.

जुळवायला लागतं ते असं. फॉर्म १६ चे दोन्ही भाग. पोर्टलवरून ट्रेसेस या टीडीएसच्या संकेतस्थळावर जाऊन मिळणारा २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा. एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण. सगळ्या खात्यांची १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ ची पासबुकं. आणि आडतीच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या. एआयएसच्या पीडीएफला पासवर्ड असतो: पॅन छोट्या अक्षरांत आणि त्याला चिकटून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकड्यांत, मध्ये रेघ नाही, जागा नाही. शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण आणि बँकांची माहिती भरायची मुदत ३१ मे असते. त्यामुळे मे महिन्यात उतरवलेला एआयएस अर्धवट असतो. त्यावर भरलेली रिटर्नं नंतर दुरुस्त करत बसावी लागतात. ताजा उतरवून घ्या.

सुरुवात फॉर्म १६ पासून. भाग 'अ' मधला कापलेला कर आणि २६एएस मधला कर रुपयाला रुपया जुळला पाहिजे. नाही जुळला तर खरं मानलं जातं ते २६एएस. फॉर्म १६ वर कोणाची का सही असेना. फरक बहुधा दोन कारणांनी पडतो: एखाद्या तिमाहीचं विवरण भरलं गेलेलं नाही, किंवा भरताना तुमच्या पॅनचं एक अक्षर चुकलंय. दोन्हींची दुरुस्ती कापणाऱ्या कार्यालयानं करायची असते, तुमच्या हातात काही नाही. म्हणून हे आधी बघायचं आणि लेखी अर्ज देऊन लिपिकाच्या मागं लागायचं. तसंच रिटर्न भरून टाकलं तर न दिसणारा कर वजा मिळत नाही आणि तेवढ्याची मागणी निघते.

वर्षभरात सातव्या वेतन आयोगाचा किंवा इतर थकबाकीचा हप्ता मिळाला असेल आणि कलम ८९ ची, म्हणजे मागच्या वर्षांची थकबाकी एकाच वर्षी आल्यानं वाढलेल्या कराची, सवलत घ्यायची असेल, तर रिटर्नच्या आधी पोर्टलवर फॉर्म १०ई भरावा लागतो. आधी, नंतर नाही. ही सवलत नवीन करप्रणालीतही मिळते. १०ई न भरता रिटर्नमध्ये आकडा टाकता येतो, सॉफ्टवेअर तो घेतंही, पण प्रक्रियेत तो उडतो. शिक्षकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, असेल तर सरकारचं १४ टक्के योगदान पगारात धरलंय का, आणि मगच ८०सीसीडी(२) खाली वजा केलंय का, हे पाहा. एका बाजूला धरून दुसऱ्या बाजूला विसरलं की हिशेब पुरा बिघडतो.

आता व्याज. बचत खात्याचं ६,२०० आणि बँकेतल्या ठेवीचं १८,८०० असं धरू. २०२४-२५ मध्ये ज्येष्ठ नसलेल्यांच्या ठेवींवर ४०,००० च्या आत बँक टीडीएस कापत नव्हती. म्हणून २६एएस मध्ये यातलं काहीच दिसणार नाही; एआयएस मध्ये मात्र दोन्ही आकडे येतात. पतसंस्थेचं १०,००० बहुतेक वेळा दोन्हीकडे दिसत नाही. सहकारी संस्था सभासदाला देते त्या व्याजावर, संस्था फार मोठी नसेल तर, टीडीएस कापायचं बंधन नाही. टीडीएस नाही याचा अर्थ कर नाही असा नव्हे. तिन्ही मिळून ३५,००० 'इतर स्रोतांपासून उत्पन्न' मध्ये जातात. बचतीच्या व्याजावरची ८०टीटीए ची १०,००० ची वजावट नवीन प्रणालीत नाही.

मराठवाड्यात याच्याच शेजारचा एक प्रश्न सध्या घरोघरी आहे: पतसंस्था अडचणीत आहे, ठेव अडकली, व्याज पावतीवर चढतंय पण हातात येत नाही. त्यावर कर द्यायचा का? व्याज हातात पडेल तेव्हाच दाखवायचं, अशी पद्धत तुम्ही दरवर्षी पाळत आला असाल तर न मिळालेलं व्याज दाखवायची गरज नाही. पण पद्धत एकच ठेवायची. चांगल्या बँकेचं चढलेलं व्याज दरवर्षी धरायचं आणि बुडत्या संस्थेचं तेवढं मिळाल्यावर, अशी सोयीची सरमिसळ चालत नाही.

आईचे पैसे, पण ठेवीत पहिलं नाव तुमचं, हेही सर्रास असतं. मग पूर्ण व्याज तुमच्या एआयएस मध्ये येतं. एआयएस मध्ये त्या नोंदीवर प्रतिसाद द्यायची सोय आहे. माहिती दुसऱ्या पॅनशी संबंधित आहे, हा पर्याय निवडता येतो. मात्र तो तेव्हाच निवडा, जेव्हा पैसे खरंच आईच्या खात्यातून गेलेले दिसतात.

शेतीकडे वळू. प्रश्नातली खरी गाठ इथं आहे आणि आजवरची रिटर्नं चुकली असतील तर तीही इथंच.

शेतीचं उत्पन्न कलम १०(१) नुसार करमुक्त आहे. पण करमुक्त म्हणजे दाखवायचं नाही, असा अर्थ होत नाही. 'सहज', म्हणजे आयटीआर-१, निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत असेल तरच चालतो. त्यापुढं पगारदाराला आयटीआर-२ लागतो. आयटीआर-४, म्हणजे 'सुगम', यालाही हीच ५,००० ची मर्यादा आहे. सहजमध्ये जास्त आकडा टाकला तर पोर्टल अडवतं. मग दुकानातला पोरगा तिथं ५,००० टाकतो किंवा रकाना रिकामा सोडतो आणि फॉर्म पुढं सरकतो. सॉफ्टवेअरला तुमचं रान दिसत नाही, त्यामुळे ते काही बोलत नाही. बँकेत मात्र आडतीवरून आलेली एनईएफटी तारखेसकट बसलेली असते.

उत्पन्न कोणाचं, हे आधी ठरवा. सातबारा वडिलांच्या नावावर असेल तर उत्पन्न वडिलांचं. तुम्ही सुट्टीच्या दिवशी जाऊन पेरणी केली म्हणून ते तुमचं होत नाही. सामाईक खातं असेल तर वाट्याप्रमाणे. रान बटईनं दिलं असेल तर तुमच्या हिश्शाला आलेला माल किंवा पैसा हे तुमचं शेती उत्पन्न.

शेती उत्पन्नात काय बसत नाही तेही पाहा. दुधाचा धंदा शेती नाही, कुक्कुटपालन नाही. रेशीमही नाही: तुतीचा पाला पिकवणं शेती आहे, पण तो अळ्यांना घालून कोष विकणं शेती उत्पन्नात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलेलं आहे. बीड-जालन्याकडच्या रेशीमवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. असं उत्पन्न धंद्याचं ठरतं, आणि मग आयटीआर-२ ही चालत नाही. ३ किंवा ४ कडे जावं लागतं.

आता तुमच्या सहा एकरांचा नमुना. आकडे उदाहरणाचे आहेत, आपापल्या पट्ट्यांवरून बदला. सोयाबीन ४२ क्विंटल, ४,३०० च्या भावानं १,८०,६००. हरभरा २१ क्विंटल, ५,४०० नं १,१३,४००. एकूण आवक २,९४,०००. बियाणं, खत, फवारणी, ट्रॅक्टर भाडं, मजुरी, मळणी, हमाली-तोलाई मिळून खर्च १,७४,०००. निव्वळ १,२०,०००. आवक धरताना पट्टीवरची मालाची पूर्ण किंमत धरायची आणि हमाली-तोलाई खर्चात घ्यायची. बँकेत जमा झालेली निव्वळ रक्कम आवक म्हणून धरली आणि हमाली पुन्हा खर्चात टाकली, तर ती दोनदा वजा होते.

पगार ८,४०,००० धरा. एनपीएस सोपेपणासाठी बाजूला ठेवतो. नवीन प्रणालीत प्रमाणित वजावट ७५,०००, म्हणजे उरले ७,६५,०००. त्यात ३५,००० व्याज मिळवलं की करपात्र उत्पन्न बरोबर ८,००,०००. त्या वर्षीचे टप्पे असे: ३ लाखांपर्यंत काही नाही, ३ ते ७ लाखांवर ५ टक्के, ७ ते १० लाखांवर १० टक्के. नुसत्या ८ लाखांवर कर होतो ३०,०००, आणि ४ टक्के उपकर धरून ३१,२००.

शेतीमुळे हिशेब असा बदलतो. आधी दोन्ही उत्पन्नं एकत्र: ९,२०,००० वर कर ४२,०००. मग शेती उत्पन्नात ३ लाखांची करमुक्त मर्यादा मिळवायची: ४,२०,००० वर कर ६,०००. पहिल्यातून दुसरा वजा: ३६,०००. उपकर १,४४०. एकूण ३७,४४०. म्हणजे शेतीवर थेट कर लागत नाही, पण शेती तुमच्या पगाराला वरच्या टप्प्यात ढकलते आणि ६,२४० रुपये जास्त द्यावे लागतात. शेती उत्पन्न ५,००० पेक्षा जास्त आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त, या दोन्ही गोष्टी असतील तरच हे लागू होतं. ज्याला शेतीशिवाय दुसरं उत्पन्नच नाही, त्याला याच्याशी देणंघेणं नाही.

पोर्टलवर आयटीआर-२ उघडलं की सुरुवातीला तक्ते निवडायला सांगतात. तिथं करमुक्त उत्पन्नाचा तक्ता, शेड्यूल ईआय, याच्यावर खूण करा. नाही केली तर शेतीचा रकाना पुढं कुठंच येणार नाही आणि तुम्ही तो शोधत बसाल. त्या तक्त्यात एकूण आवक, खर्च, मागच्या वर्षांचा न वजावलेला शेती तोटा आणि निव्वळ उत्पन्न असे वेगळे रकाने आहेत. निव्वळ उत्पन्न ५ लाखांवर असेल तरच जमिनीचा तपशील मागतात: जिल्हा आणि पिनकोड, क्षेत्र एकरात, मालकीची की भाड्याची, बागायत की कोरडवाहू. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, हेक्टरला २.४७१ नं गुणा. २.४३ चे सहा एकर येतात.

भरून झालं की कराच्या गणनेच्या पानावर दोन ओळी मुद्दाम बघा. सर्वसाधारण दरानं कर: ४२,०००. शेती उत्पन्नावरील सूट: ६,०००. या दोन ओळी आल्या म्हणजे शेती बरोबर बसली. दुसऱ्या ओळीत शून्य आणि पहिलीत ३०,००० दिसले तर ईआय भरायचा राहिलाय किंवा आकडा चुकीच्या रकान्यात पडलाय.

उलटी चूकही होते. घरात आलेली रोकड शेतीच्या नावावर टाकायची म्हणून सहा एकर कोरडवाहूचं उत्पन्न आठ लाख दाखवतात. एकरी उतारा आणि बाजारभाव तपासायला कोणत्याही अधिकाऱ्याला पाच मिनिटं लागतात. आणि जाता जाता: पीएम किसानचे हप्ते खात्यावर येत असतील तर ते थांबवा. आधीच्या वर्षी आयकर भरलेला माणूस त्या योजनेला पात्र नाही, आणि तुम्ही नोकरीमुळेही नाही. वसुली होते.

कर भरायचा किती? पंचायत समितीनं फक्त पगारावर, ७,६५,००० धरून, कर कापलेला असणार: २६,५०० अधिक उपकर १,०६०, म्हणजे २७,५६०. लागतात ३७,४४०. फरक ९,८८०. टीडीएस वजा जाता कर १०,००० च्या आत आहे, म्हणून अग्रिम कराचं, म्हणजे वर्ष चालू असतानाच कर भरायचं, बंधन नाही आणि तो न भरल्याबद्दलचं २३४बी, २३४सी चं व्याजही नाही. आणखी १२० रुपयांचा कर असता तर चित्र बदललं असतं. ज्यांचा फरक दहा हजार किंवा त्याहून जास्त आहे, त्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी: २०२५ मध्ये रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून आधी १५ आणि शेवटी १६ सप्टेंबर झाली, पण २३४बी चं दरमहा १ टक्का व्याज १ एप्रिलपासून चालूच राहिलं. मुदतवाढ रिटर्नला मिळाली, त्या व्याजाला नाही. कर लवकर भरा, रिटर्न सावकाश भरलं तरी चालेल.

पैसे पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समधून भरा. निवडायचं ते कर निर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष, २०२५-२६ आणि स्वयं-निर्धारण कर, कोड ३००. इथं वर्ष चुकवणारे खूप. २०२४-२५ हे आर्थिक वर्ष डोक्यात असतं, बोट त्याच आकड्यावर पडतं आणि पैसे गेल्या वर्षाच्या नावावर जमा होतात. चलन दुरुस्तीची सोय पोर्टलवर आहे, पण त्यात दिवस जातात. चलनाच्या पावतीवरचा सात आकडी बीएसआर कोड, तारीख आणि पाच आकडी अनुक्रमांक कर भरल्याच्या तक्त्यात बसला की देय रक्कम शून्य दिसते. शून्य दिसल्याशिवाय सबमिट करू नका.

जुनी करप्रणाली फायद्याची असेल, म्हणजे घरकर्जाचं व्याज आणि ८०सी चे पूर्ण दीड लाख असे दोन्ही असतील, तर तुम्हाला रिटर्नमध्येच ती निवडता येते; धंद्याचं उत्पन्न नसलेल्यांना वेगळा फॉर्म १०-आयईए लागत नाही. पण मुदतीच्या आत. मुदत टळली की जुनी प्रणाली गेली. २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये जुन्या प्रणालीत पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचं नाव असा तपशीलही मागतात, नुसता आकडा चालत नाही. कोणी 'सर, पन्नास हजार परत आणून देतो' म्हणत न दिलेल्या देणग्या आणि न भरलेले हप्ते टाकत असेल, तर जुलै २०२५ मध्ये खात्यानं अशाच खोट्या वजावटींवर देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली, हे त्याला सांगा. उत्पन्नाची चुकीची माहिती दिली तर दंड कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो, आणि तो एजंटाला नाही, पॅन ज्याचा त्याला लागतो.

परतावा असो नसो, एक बँक खातं पोर्टलवर प्रमाणित करून ठेवा. इकडं यात दोन अडचणी येतात. जुन्या पासबुकावर स्टेट बँक ऑफ हैदराबादचा आयएफएससी असतो, एसबीएचवाय नं सुरू होणारा. ती बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. आता कोड एसबीआयएन नं सुरू होतो. ग्रामीण बँकेचं खातं असेल तर १ मे २०२५ च्या विलीनीकरणानंतरचा कोड शाखेत विचारून घ्या. दुसरी अडचण नावाची. पॅनवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, बँकेत आद्याक्षरं. जुळलं पाहिजे ते पॅन आणि खात्यावरचं नाव. पत्त्यात उस्मानाबाद आहे की धाराशिव यावरून काही अडत नाही. पॅन आधारला जोडलेलं नसेल तर परतावा अडकतो. १,००० रुपये शुल्क भरून ते आधी जोडा.

सबमिट केलं म्हणजे रिटर्न भरलं असं नाही. ३० दिवसांत व्हेरिफाय करावं लागतं. सोपा मार्ग आधारच्या ओटीपीचा. त्यासाठी आधारला चालू मोबाइल नंबर हवा. नाहीतर नेट बँकिंग, किंवा प्रमाणित बँक खात्यावरून मिळणारा कोड. हे काहीच जमत नसेल तर आयटीआर-व्ही छापून, सही करून बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला, पिन ५६०५००. ३० दिवस उलटल्यावर व्हेरिफाय केलं तर व्हेरिफाय केल्याची तारीख हीच रिटर्नची तारीख धरतात. मग मुदतीत अपलोड केलेलं रिटर्नही उशिराचं ठरतं आणि ५,००० चं विलंब शुल्क लागतं. एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००.

सगळ्यात आधी करायचं काम मुद्दाम शेवटी लिहितोय, कारण आधी लिहिलं की लोक वाचून विसरतात. पोर्टलवर तुमच्या प्रोफाइलमध्ये जाऊन प्राथमिक मोबाइल आणि ई-मेल बघा. आजवर दुकानातून रिटर्न भरलं असेल तर तिथं दुकानदाराचा नंबर असण्याची दाट शक्यता आहे. फॉर्म चुकीचा असेल किंवा टीडीएस मागितला आणि त्याचं उत्पन्न दाखवलं नाही, तर कलम १३९(९) ची सदोष रिटर्नची नोटीस येते आणि उत्तराला १५ दिवस असतात. ती त्याच्या मेलवर जाते. तुम्हाला कळेपर्यंत रिटर्न अवैध ठरलेलं असतं.

२०२४-२५ च्या रिटर्नमध्ये काही राहून गेलं तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारित रिटर्न भरता येत होतं, त्याला वेगळं शुल्क नव्हतं. राहता राहिली मागची वर्षं, जेव्हा शेती असूनही सहज भरला गेला. त्यासाठी अद्ययावत रिटर्न, आयटीआर-यू, आहे. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत भरलं तर कर आणि व्याजाच्या २५ टक्के जादा, २४ महिन्यांत ५० टक्के, पुढं ६० आणि ७०. एकूण ४८ महिन्यांपर्यंत. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ साठी २५ टक्क्यांची मुदत ३१ मार्च २०२६ ही. यातून परतावा मागता येत नाही. पीक गेलं आणि शेतीत काही उरलं नाही, त्या वर्षांना हात लावायचं कारण नाही. ज्या वर्षी आडतीवरून लाख-दीड लाख खात्यावर आले आणि खर्च जाता बऱ्यापैकी उरले, ती वर्षं आधी काढा, वर दाखवला तसा हिशेब मांडा आणि फरक हजारांत येत असेल तर भरून टाका. पट्ट्या सापडत नसतील तर आडतीच्या पेढीवर दुसरी प्रत मागा. जुन्या वह्या बहुधा असतात.